भरल्या गाडीखाली

अयोध्याताईचा फोन आला तेव्हा मी छापखान्यात होते. नव्या पत्रकाचा पहिला कागद हातात घेऊन चुका शोधत होते, म्हणून फोन खांद्यात धरला. "अंकुशमामा गेले," ती म्हणाली. "गाडीखाली." माणूस गेल्याचं कळल्यावर चारचौघांच्या तोंडून जे निघतं ते माझ्या तोंडून निघालं नाही. मी विचारलं, "गाडी कुणाची?" ती म्हणाली, "टिप्पर. वाळूचं." मी विचारलं, "रिकामं का भरलेलं?" ती म्हणाली, "भरलेलं." मी कागद खाली ठेवला. अंकुश मिस्त्री भरल्या गाडीखाली मेला असं कुणी सांगत असेल तर तो खोटं बोलतोय, हे मला त्या क्षणी पक्कं माहीत होतं. त्या माणसाचा सगळ्या जन्माचा एकच कायदा होता, आधी गाडी रिकामी करायची, मग खाली जायचं. म्हणजे कुणीतरी त्याला ढकललं, दमात घेतलं, नाहीतर मेल्यावर तिथं नेऊन ठेवलं. छापखान्यातून बाहेर पडेपर्यंत माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळासुद्धा तयार झाला होता.

आज या गोष्टीला सहा-सात आठवडे झाले. ते पत्रक निघालं नाही. का निघालं नाही ते सांगायला हा लेख लिहिते आहे.

मामांची आणि माझी ओळख एका गाडीमुळं झाली. आमची संघटना ऊसतोडीच्या बायकांमध्ये काम करते. बाई दिवसभर फडात असते, तिच्याशी बोलायचं तर संध्याकाळी, चूल पेटल्यावर, तिच्या कोपीसमोर, त्या पाचटाच्या खोपटासमोर बसून. मग परत कुठं जायचं? तळाजवळ, म्हणजे टोळीच्या सगळ्या कोप्या जिथं असतात तिथं, मुक्काम करायला हवा. तर पुण्याच्या एका निवृत्त जोडप्यानं हौसेनं बांधून घेतलेली एक कॅम्पर व्हॅन आम्हाला दिली. मूळची जुनी मिनीबस. आत दोन बाजूंना दोन बाकं, रात्री पलंग होणारी. एक छोटं बेसिन, गॅसची शेगडी, कपाट, निळ्या फुलांचे पडदे आणि टपावर पाण्याची काळी टाकी. दोघं तिच्यातून सगळं कोकण हिंडले होते. किल्ली देताना काकूंचे डोळे भरून आले. मला वाटलं, माया आहे. पहिल्या दिवशी चालवल्यावर वाटलं, सुटल्याचा आनंद असेल.

कारण ती गाडी सरळ रस्त्यावरसुद्धा सरळ जात नसे. स्टेअरिंग हातात, पण गाडी कुठं जायचं ते स्वतःच ठरवते आहे असं वाटायचं. शेजारून ट्रक गेला की त्याच्या वाऱ्यानं आमची शेपूट डावीकडं जायची, मी आवरायला गेले की उजवीकडं. वळणावर तर ती अशी कलायची की कपाटातली भांडी एकेक करून बाहेर यायची. तेलगावच्या एका वळणावर अयोध्याताईनं माझा दंड इतका घट्ट धरला की चार दिवस बोटं उमटलेली होती. ताई स्वतः चौदा हंगाम ऊस तोडलेली बाई आहे, सहजासहजी घाबरत नाही. खाली उतरून ती म्हणाली, "मला विंचवाचं भ्या न्हाई, मुकादमाचं न्हाई. पर तुझ्या ह्या गाडीत मी पुन्यांदा बसायची न्हाई. आधी मिस्त्र्याला दाखव." आणि तिनंच मला अंकुशमामांकडं नेलं.

गेवराईच्या अलीकडं, हायवेच्या कडेला पत्र्याचं शेड, पुढं एक मोठं लिंबाचं झाड. मामा उमापूरचे. अंग वाळक्या लाकडासारखं, डाव्या कानाला कमी ऐकू यायचं, मिशा मात्र राजासारख्या. हाताशी पान्हे द्यायला मामी. कितीचा पान्हा हवा ते मामा बोटांनी खुणावायचे आणि मामी न बघता द्यायच्या. मी शेडकडं बघितलं, आणि मला पहिली गोष्ट दिसली ती तिथं उभी असलेली दोन टिप्पर. नदीतून वाळू उपसून नेणाऱ्या आमच्याकडच्या एका पुढाऱ्याची. त्या पुढाऱ्याविरुद्ध आम्ही तीन पत्रकं काढली होती. मी ताईला कोपऱ्यात घेऊन म्हटलं, "हा त्यांचा माणूस आहे." ताई म्हणाली, "तो गाड्यांचा माणूस हाय." मला ते उत्तर आवडलं नाही. जो दोन्हीकडच्या गाड्या दुरुस्त करतो तो नक्की कुणाचा, हा प्रश्न मी कायम विचारत आले आहे, आणि सभेत त्यावर टाळ्याही घेतल्या आहेत.

मामांनी गाडीला एक चक्कर मारली. खाली वाकून बघितलं नाही. मागचा बंपर दोन्ही हातांनी दाबला, सोडला, आणि गाडी किती वेळ वरखाली होते ते बघत राहिले. मग म्हणाले, "रिकामी करा."

"कशाला?" मी विचारलं.

"भरल्या गाडीखाली मी जात न्हाई."

"आत फक्त कागद आहेत."

"मग कागद उतरवा."

मागच्या दारापाशी आमची खोकी होती. सगळी पत्रकं, बायकांचे जबाब, अर्जांच्या नकला. संघटनेच्या पहिल्या दिवसापासूनचा एकही कागद मी टाकलेला नाही, आणि कुठं ऑफिस नसल्यामुळं ते सगळं गाडीत होतं. मामांनी ताडपत्री अंथरली आणि ताई, मामी आणि मी खोकी काढत गेलो. एक, दोन, पाच… ती संपेचनात. मामी कंबरेला हात लावून म्हणाल्या, "माय, ह्या कागदावर किती गावाचा सैपाक होईल!" शेवटचं खोकं उतरलं तशी गाडीची मागची बाजू हळूच वर आली, चांगली चार बोटं. मामा हसले. "आता श्वास घेतला बघा तिनं," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "मॅडम, बैलगाडी कधी भरलीय का?"

मी नाही म्हटलं. ताईनं मात्र कपाळावर हात मारला. तिला सगळं कळलं होतं. मामा स्वतः तरुणपणी बारा हंगाम बैलगाडीनं ऊस वाहत होते. ते मला चिखलात काडीनं गाडी काढून समजावत बसले. ऊस पुढं जास्त भरला तर बैलाची मान दबते, ती गाडी धुरजड. मागं जास्त भरला तर गाडी मागं कलते, जू वर उचललं जातं आणि बैलाच्या गळ्याला पट्टा आवळतो. ती उलाळ. "उलाळ गाडीनं बैलाला फाशी बसती. तुमची गाडी उलाळ हाय. मागच्या चाकाच्या बी मागं एवढा बोजा, मग फुडची चाकं जमिनीला नुसती शिवायलीत. स्टेअरिंग कावून ऐकंल? आन् टपावर पाणी. त्ये बी अर्धं! अर्धी टाकी लई वंगाळ. वळणावर पाणी एकीकडं पळतं, गाडी त्याच्या मागं पळती." थोडं थांबून म्हणाले, "बैल असता तर वरडला असता. इंजन बिचारं काय बोलतंय."

एवढी वर्षं आम्ही त्या बायकांसाठी लढतो म्हणून सांगत होतो, आणि ज्या बाईनं चौदा हंगाम गाडी भरली ती माझ्या शेजारी बसून जीव मुठीत धरत होती. तिला विचारायचं मला सुचलं नव्हतं, आणि मी विचारल्याशिवाय 'गाडीवाल्या' गोष्टीत बोलायचं तिलाही सुचलं नव्हतं. ही चूक फक्त आमच्यासारखेच लोक करू शकतात. माझीच पत्रकं माझी गाडी उलथायला निघाली होती.

काम आठ दिवस चाललं. टपावरची टाकी उतरून बाकाखाली, दोन्ही चाकांच्या मधोमध आली. स्प्रिंगचे पाटे बीडला नेऊन त्यांना पुन्हा कमान पाडून आणली. चारी शॉकअप बदलले, स्टेअरिंगचे झिजलेले बुश बदलले, आणि मागच्या दोन चाकांमध्ये एक आडवा दांडा बसवला, वळणावर एक बाजू कलली की दुसरीनं तिला धरून ठेवावं म्हणून. मी रोज जाऊन उभी राहायचे. शिकायला म्हणून जात होते असं सांगायचे, पण खरं तर खोक्यांवर नजर ठेवायला. जेवायच्या वेळेला मामा भाकरी खात खात आमची पत्रकं वाचत बसत, आणि मी खोकी पुन्हा मोजायचे. एक दिवस म्हणाले, "तुमचं पत्रक बी उलाळच हाय."

"म्हणजे?"

"फुडं काहीच न्हाई. सगळा बोजा शेवटाला. माणूस रस्त्यात उभा राहून किती वाचील? बाईला न्हानीला आडोसा न्हाई, हे पयल्यांदा लिव्हा की. तुमी सुरवात करता जगाच्या पाठीपासून."

"मामा, तुम्ही कुणाच्या बाजूचे ते आधी सांगा, मग पत्रकाला नावं ठेवा," मी म्हटलं. हे मी थट्टेनं म्हटलं नव्हतं.

मामी पान्हे पुसत म्हणाल्या, "ह्यांना उजव्या बाजूनं बोललं तर ऐकू येतंय. डाव्या बाजूनं आमीच लगीन झाल्यापासून बोलायलोत." मामा हसले, मी नाही.

आठव्या दिवशी मामांनी पितळेचा एक तांब्या काठोकाठ भरला आणि माझ्या सीटशेजारी, इंजिनाच्या झाकणावर ठेवला. "चल. सर्विस रोडनं जा, पुलाखालून वळ, परत ये. बघू किती सांडतंय." मी निघाले. मामा मागं बाकावर बसले होते, आणि आरशात मला त्यांची मिशी तेवढी दिसत होती. पुलाखालच्या वळणावर मी सवयीनं दात आवळले. गाडी किंचित झुकली आणि तिथंच थांबली, कुणीतरी खांद्याला हात दिल्यासारखी. ट्रक गेला, वारा आला, शेपूट हलली नाही. परत आलो तेव्हा झाकणावर दोन-चार थेंब होते. मामांनी ते बोटानं पुसले. "हा तांब्या इथंच राहू दे," म्हणाले. "पाणी जास्त सांडायला लागलं की समज, काहीतरी जागचं हाललंय." मग डब्यातला लाल ऑइलपेंट काढून गाडीत आतून दोन रेघा ओढल्या. एक उभी, मागच्या चाकांच्या थोडं पुढं. एक आडवी, बाकाच्या उंचीला. "ह्या रेघंच्या मागं बोजा न्हाई. ह्या रेघंच्या वर बोजा न्हाई. मोर्चा असू दे न्हाईतर इलेक्शन." त्या दिवसापासून ते मला मॅडम म्हणायचं थांबले, लेकी म्हणायला लागले.

मला तेही संशयास्पद वाटलं, हे इथं लिहून टाकते.

हंगाम सुरू झाला. त्या गाडीनं आम्ही जितके तळ फिरलो तितके आधी कधीच फिरलो नव्हतो. अयोध्याताई पुढं बसून पेंगायला लागली, याहून मोठं प्रमाणपत्र नाही. मग एका तळावरचं प्रकरण झालं. एका गरोदर बाईनं जबाब दिला होता. आठवा महिना, तरी पहाटे मोळ्या उचलायला लावतात, आणि आजारी पडलं तर मुकादम टोळीला तळ सोडू देत नाही. तिचं नाव मी कुठंही छापलं नाही. पंधरा दिवसांनी आम्ही गेलो तर ती बाई आम्हाला ओळखच दाखवेना. मुकादम तिच्या कोपीसमोर येऊन म्हणाला होता, "तुझा अंगठा कुठं उठलाय, कळलंय आमाला." तिच्या नवऱ्यानं हात जोडून आम्हाला जायला सांगितलं. तिचं पुढं काय झालं ते मला कित्येक दिवस कळलं नाही, आणि मी झोपू शकले नाही. कुणी सांगितलं मुकादमाला? मुकादम तर त्याच पुढाऱ्याच्या ओळखीतला. गाडीतले कागद गाडीबाहेर एकदाच आले होते. एका शेडसमोर, ताडपत्रीवर, पुढाऱ्याच्या दोन टिप्परच्या शेजारी.

ताई म्हणाली, "त्या येळला त्या बाईचा जबाब झाला तरी होता का? तारखा तर बघ." मी बघितल्या नाहीत. संशयाला तारखा लागत नाहीत, चेहरा लागतो, आणि मला तो मिळाला होता. मी मामांकडं जाणं बंद केलं. गाडीच्या पुढच्या बाजूचं काही किरकोळ काम निघालं ते दुसऱ्या गॅरेजमध्ये केलं. खोक्यांना कुलपं घातली, आणि कुलूपवाली खोकी डोळ्यांसमोर राहावीत म्हणून पुन्हा मागच्या दारापाशी, लाल रेघेच्या मागं नेऊन ठेवली. तांब्यातलं पाणी जास्त सांडू लागलं. मी तांब्या अर्धाच भरायला लागले.

संक्रांतीनंतर एका सकाळी गेवराईजवळच पुढच्या बाजूनं खडाखडा आवाज यायला लागला आणि स्टेअरिंग जड झालं. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं बसवलेला बोल्ट तुटून शॉकअप लोंबकळत होता. दुपारी एका तळावर डॉक्टरबाई येणार होत्या, बायका कामावर न जाता थांबणार होत्या. नाइलाजानं गाडी मामांच्या शेडपुढं घेतली. लिंबाखाली पुढाऱ्याचं टिप्पर उभं होतं, रिकामं. त्याचा ड्रायव्हर दगडावर बसून चहा पीत होता आणि आमच्याकडं टक लावून बघत होता.

मामांनी मागचा बंपर दाबून बघितला. आत डोकावून लाल रेघ बघितली, तिच्या मागची खोकी बघितली, कुलपं बघितली. "रिकामी कर," म्हणाले.

"नाही. आज नाही."

"कावून?"

"वेळ नाही, मामा."

ते माझ्याकडं बघत राहिले. "येळ न्हाई का भरोसा न्हाई?"

मी रुमालानं आरसा पुसायला घेतला. ताईनं मान खाली घातली. मला एक वाक्य बोलता आलं असतं. विचारता आलं असतं, मामा, तुम्ही सांगितलंत का त्यांना? निदान भांडण तरी झालं असतं. पण मी आरसाच पुसत राहिले. मामांनी मामींना हात केला. मामींनी जॅक दिला आणि लाकडी ओंडके आणले, पण सोडले नाहीत, छातीशी धरून उभ्या राहिल्या. "हे काय करायलात? भरलेली हाय ना ती?" मामांनी ओंडके त्यांच्या हातातून काढून घेतले आणि भरल्या गाडीखाली गेले. बाहेर फक्त त्यांचे पाय दिसत होते, टाचांना भेगा पडलेले. मी आधी खोक्यांकडं बघत होते, मग त्या ड्रायव्हरकडं. तो आमचे कागद बघतोय का, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तो कागद बघत नव्हता. तो मामांचे पाय बघत होता. हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

अर्ध्या तासानं मामा बाहेर आले. हात पुसले. तांब्या उचलला, रिकामाच होता, आणि होता तिथं परत ठेवला. "नीट जा," एवढंच म्हणाले. लेकी म्हणाले नाहीत. मी त्यांना त्यानंतर बघितलं नाही.

दहाव्याला मी उमापूरला गेले, ते खरं सांगायचं तर सांत्वनाला गेले नव्हते. पिशवीत वही होती. पंचनाम्यात जॅक सटकल्याचं लिहिलं होतं. टिप्परमध्ये काय भरलं होतं, कुणाचं होतं, उतरवलं का नाही, यावर एक शब्द नव्हता. मला साक्षीदार हवा होता, आणि अपघाताच्या वेळी मामी तिथं उभ्या होत्या. बायका उठून गेल्यावर मी वही काढली. मामींनी वहीकडं बघितलं.

"काय लिव्हणार?"

"मामी, मामा भरल्या गाडीखाली कधी जात नव्हते. त्यांना जबरदस्ती केली. आपण सोडायचं नाही."

"जबरदस्ती न्हाई केली कुणी," मामी म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "टिप्परचा पाटा तुटलता. हे म्हणले, रिकामं करा. डायवर म्हणला, मामा, हितं हायवेवर वाळू वतली तर गाव जमा होईल, तहसीलवाले येतेल. हे न्हाईच म्हणले. दोनदा न्हाई म्हणले. मग त्यो हसला. म्हणला, त्या संघटनेच्या बाईची भरलेली चालती, आन् आमची चालत न्हाई व्हय? आता पक्ष घ्यायलेत का मामा? हे कधी कुणाचा पक्ष घेतले न्हाईत माय. लई लागलं ते त्यांना. जॅक मागितला. मी दिला. मी माझ्या हातानं दिला."

माझ्या हातात पेन होता. मी ते लिहून घेतलं नाही.

जरा वेळानं मीच म्हटलं, "मामी, तरीही टिप्परवाल्यांची चूक आहेच. ती वाळू चोरीची होती म्हणून उतरवता येत नव्हती."

"हायच की," मामी म्हणाल्या. "मी न्हाई कुटं म्हणले? लिव्ह की. माझा अंगठा घे, सही घे, कोर्टात उभी कर. पर पयली ओळ तुझ्या गाडीची लिव्ह. मग त्यांच्या टिप्परची. तसं लिव्हणार असशील तर मी हाय. न्हाईतर वही पिशवीत घाल आन् चहा पी."

मी चहा प्यायले.

परत आल्यावर मागची पत्रकं काढली, मामी म्हणाल्या तसं काही लिहिता येईल का बघायला. सगळ्यात वरच्या गठ्ठ्यात हंगामातलं पत्रक होतं. पहिल्या पानावर जगाच्या पाठीपासून सुरुवात. शेवटच्या परिच्छेदात, माझ्या हातचं वाक्य. गावाचं नाव, तळ कुठं आहे त्याची खूण, आणि मग, 'या तळावरच्या आठ महिन्यांच्या गरोदर भगिनीने आम्हाला सांगितले…' नाव नव्हतं. नाव न छापल्याचा मला अभिमान होता. त्या तळावर अकरा कोप्या होत्या, आणि आठ महिन्यांची बाई एकच होती. ते पत्रक आम्ही भर बाजारात वाटलं होतं. मुकादमाच्या हातातसुद्धा मीच दिलं असेल. तारखा बघितल्या. मामांच्या ताडपत्रीवर खोकी उतरली तेव्हा त्या बाईचा जबाब झालाच नव्हता… ताईला दाखवलं. तिनं खोकी उचलली आणि एकेक करून लाल रेघेच्या पुढं नेऊन ठेवायला सुरुवात केली. ती बाई सुखरूप बाळंत होऊन गावी आली आहे, हे मला परवा तिच्या आईकडून कळलं. भेटायला गेले तर तिनं दार उघडलं नाही. तिचा तो हक्क आहे.

आता हे वाचून काही लोक खूश होतील. पुढाऱ्याची माणसं म्हणतील, बघा, बाई स्वतःच कबूल झाली. तर त्यांनाही स्पष्ट सांगते. माझी चूक तुमच्या वाळूवर घालायला ताडपत्री म्हणून मिळणार नाही. त्या टिप्परमध्ये काय होतं, ते कुणाच्या सांगण्यावरून भरलं, अपघातानंतर पोलीस यायच्या आत ते टिप्पर रिकामं कसं झालं? माणूस जिवंत असताना उतरवता येत नव्हती ती वाळू तो मेल्यावर कशी उतरली? हे प्रश्न मी लेखी दिले आहेत, खाली माझी आणि मामींची सही आहे. त्या अर्जाची पहिली ओळ आमच्या गाडीची आहे. अर्ज लिहून घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, "हे कशाला? याने तुमची केस कमजोर होते." मी म्हटलं, बोजा पुढं आणलाय. त्यांना कळलं नाही. मामींनी पदर तोंडाला लावला, त्या हसल्या का रडल्या ते मला नक्की सांगता येणार नाही.

माझा संशय गेलेला नाही. ती माझी खोड आहे, आणि आमच्याकडं ती उपयोगी पडते. फक्त आता तो कुणावर घ्यायचा हे ठरवण्याआधी मी तारखा बघते, आणि एकदा तरी तोंडानं विचारते. मामांना विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते, हे मला कधीच कळणार नाही. कदाचित डावा कान पुढं करून म्हणाले असते, ऐकू न्हाई आलं…

मागच्या आठवड्यात तांब्यातलं पाणी सांडलं. थोडंच, पण उजव्या वळणावर दरवेळी. मामींचं शेड बंद आहे, म्हणून गाडी पुढच्या एका गॅरेजला नेली. तिथला मिस्त्री तरुण, हसरा, घाईतला. जॅक सरकवत म्हणाला, "दोन मिनिटाचं काम हाय ताई, भरलेलीच उचलतो की." मी म्हटलं, थांबा. त्याच्याकडं ताडपत्री नव्हती, तर ताईनं गाडीतली चादर अंथरली. आम्ही दोघींनी खोकी उतरवली. आता त्यांना कुलपं नाहीत. टाकीचं पाणी सोडून दिलं. भांडी काढली, शेगडी काढली, पुण्याच्या काकूंचे निळे पडदेसुद्धा काढले. रस्त्यानं जाणारे दोघंतिघं थांबून पत्रकं चाळायला लागले, चाळू दिली. मिस्त्री आधी हसत होता, मग घड्याळ बघू लागला, मग बिडी पेटवून बाजूला उभा राहिला. शेवटचं खोकं मी स्वतः उतरवलं. गाडीची मागची बाजू हळूच वर आली आणि स्थिर झाली. मी बंपर दोन्ही हातांनी दाबला, सोडला. आत पुन्हा एकदा डोकावून बघितलं. तांब्या तेवढा राहिला होता, तोही उचलून हातात घेतला.

मग त्याला म्हटलं, "आता जा खाली."